मेंढ्याचं कातडं आणि आत्याबाईंची पाठ

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या थंडीत मोरीत घसरल्या आणि कमरेचं हाड मोडून बसल्या. बसल्या कुठल्या, आडव्याच झाल्या. डॉक्टरांनी आत सळई घातली, टाके काढले, घरी पाठवलं आणि सांगितलं, आता वयाच्या मानानं जेवढं होईल तेवढं. वय किती, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांना विचारलं तर एकदा म्हणतात, "रझाकारात मी पाळण्यात होते," आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, "रझाकारात मी मेंढरं घेऊन डोंगरात लपले होते." आता पाळण्यातली पोर मेंढरं कशी लपवील? पण त्यांना उलट विचारायची सोय आमच्या घरात नाही, कधीच नव्हती.

तर पडून पडून त्यांच्या पाठीला, माकडहाडाच्या जरा वर, लाल चट्टा उठला. मग तो फुटला. मग त्याची जखम झाली. आमची सूनबाई शहरात एका दवाखान्यात नर्स आहे. ती रोज घरी आली की हातमोजे घालायची, पट्टी सोडायची, बघायची आणि नवी बांधायची. एकदा मला गोठ्याकडं बोलावून हळूच म्हणाली, "आई, जखम खाली खाली चाललीय. हाडापर्यंत गेली ना, तर आजी त्या मोडलेल्या हाडानं नाही, ह्या जखमेनं जातील."

त्या दिवसापासून आम्ही त्यांना ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळवायला लागलो. मी, आमचे मालक (कशाचे मालक, ते विचारू नका), पोरगा कंपनीतून आला की पोरगा. प्रत्येक वेळी आत्याबाई ओरडायच्या, "मक्याचं कणीस भाजताय का रं मला? जरा ह्या अंगानं, जरा त्या अंगानं!"

पोरानं हवेची गादी आणली. खाटेखाली तिचा पंप, तो घुर्रर्र घुर्रर्र करतो आणि गादी कधी इकडून फुगते, कधी तिकडून. आत्याबाई म्हणाल्या, "खाटेखाली मांजर शिरलंय, हाकला." पंप आहे म्हटलं तर म्हणाल्या, "मग पंपाला हाकला." त्यातून उन्हाळ्याची लाईट आमच्याकडं पाहुण्यासारखी, येते कधी, जाते कधी. लाईट गेली की गादी बसायची आणि म्हातारी लोखंडाच्या पट्ट्यांवर. पाणी भरलेले हातमोजे ठेवून बघितले, बाजरीची पिशवी ठेवून बघितली. बाजरी तर उंदरांनी पळवली.

आता आमचं घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगानं आमचं थोडं शेत आहे. माझ्या सासऱ्याच्या वेळी कळप मोठा होता, वर्षातले आठ महिने रानोमाळ. आता जमीन कसतो आणि बोटावर मोजण्यासारखी मेंढरं ठेवलीत. सकाळी मालक त्यांना किल्ल्याच्या खालच्या गवतात सोडतात आणि स्वतः दगडावर बसून मोबाईलमध्ये कुस्त्या बघतात. मेंढरं चरतात, हे चरत नाहीत, एवढाच फरक. लोकर कातरतो, एखादा नर विकतो. पण कातडं? कातड्याला आमच्या घरात कधी कुणी हात लावला नव्हता. मेंढा खाटकाकडं गेला की कातडं तिकडंच.

आणि हे खूळ काढलं सूनबाईनं. एका संध्याकाळी मोबाईल घेऊन आली. त्यात कुठली तरी गोरी बाई, तिच्या मांडीवर केसाळ, पांढरंशुभ्र कातडं. सूनबाई म्हणाली, "आई, परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या पाठीखाली हे घालतात. लोकरीत हवा खेळती राहते, घाम ओढला जातो, कातडी घासत नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं मी. पट्टी-औषध चालू ठेवून बघा म्हणाले. आपल्याकडं तर मेंढरं दारात आहेत."

मी म्हटलं, "मग घोंगडी घाल की."

"घोंगडी विणलेली असते आई. टोचते. हे मुळासकट असतं, उभे केस."

मालक बाजेवर पडून ऐकत होते. ते एकदम उठून बसले. "कातडं कमवायचं? घरात? ते काम आपलं नाय."

मी म्हटलं, "का हो? मेंढरू आपलं, लेंड्या आपल्या, त्याच्या गोचड्या आपल्या, लोकर तर देवाच्या पालखीखाली अंथरायला आपली. कातडं तेवढं दुसऱ्याच्या गळ्यात? त्या मेंढराला विचारा, त्याचं कातडं कुठून सुरू होतं आणि लोकर कुठं संपते."

भांडण रंगायला लागलं की मालक मेंढरांना पाणी पाजायला जातात. गेले.

खरी अडचण मालकांची नव्हती, आत्याबाईंची होती. आत्याबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मटणाला शिवत नाहीत, चामड्याची वहाण उंबऱ्याच्या आत आणू देत नाहीत. जन्म मेंढरांत गेला, व्यायलेली मेंढी मांडीवर घेऊन बसतील, पण मेलं मेंढरू म्हटलं की अंघोळ. त्यांना मी विचारून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही, आवाज मोठा आहे माझा.

"माझ्या अंगाखाली मुडदं अंथरणार व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "आधी मला मरू दे, मग काय अंथरायचं ते अंथर."

"तुम्ही मेल्यावर मऊ लागलं काय आन् टोचलं काय, सारखंच की आत्याबाई."

"तू तर वाटच बघ!"

झालं. पण जखम काही भांडण मिटायची वाट बघत नव्हती. मी ठरवलं, कातडं तर तयार करू, म्हातारीचं नंतर बघू.

शेजारच्या वस्तीवर कंदुरी होती, दर्ग्याच्या नवसाचं मटणाचं जेवण. मेंढा आमच्याकडचा घेतला होता. कापायला आला तो आमचा जुना ओळखीचा खाटीक, पांढरी दाढी, माझ्याच वयाचा. मी जाऊन म्हटलं, "भाईजान, कातडं मला द्या."

तो सुरी पुसता पुसता थांबला. "क्या भाबी, मटन छोडके चमडा मांगरे तुम? नाराज हैं क्या?"

"सासूच्या पाठीखाली घालायचंय."

"अम्मा के? वो तो मेरे कू देखे तो रस्ता बदलते थे!" हसत हसत त्यानं कातडं गोणीत घालून दिलं. वर म्हणाला, "आजकल कोई पूछता नै इसको. गड्ढे में गाड देते हम. नमक लगाओ फौरन, नै तो बाल छोडेगा."

मीठ लावलं. मग आतल्या अंगाची चरबी खरवडायची होती. सूनबाईच्या मोबाईलमधल्या बाईकडं त्यासाठी दोन मुठींची खास सुरी होती. माझ्याकडं उलथनं होतं. चांगलं होतं हो उलथनं, लोखंडी, पातळ झालेलं. अंगणात बसून मी कातडं खरवडलं, घासून धुऊन उलथनं परत मांडणीला लावलं आणि दुसऱ्या दिवशी थालीपीठं केली. मालकांनी ताटाकडं बघितलं, उलथन्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मला आज उपास हाय." वार कुठला होता ते त्यांनाही सांगता आलं नाही. पोरानं शेवटी नवं उलथनं आणलं तेव्हा घरात थालीपीठ परत सुरू झालं.

पुढं तुरटी आणि मिठाच्या पाण्यात कातडं बुडवून ठेवलं, पिंपात. काठीनं ढवळायचं. मग काढलं, धुतलं आणि इथं माझी अक्कल आडवी आली. चैत्र चालू होता, मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. जन्मभर मी एकच गोष्ट शिकलेय, ओलं असेल ते उन्हात टाका. कुरडई, पापड, गोवऱ्या, गाद्या, मिरच्या, लेकरं. तसं मी कातडंही बाजेला ताणून कुरडयांच्या शेजारी टाकलं, भर उन्हात.

संध्याकाळी वर गेले तर कुरडया वाळल्या होत्या आणि कातड्याचा पत्रा झाला होता. वाकवलं तर कडकन वाजलं. मालकांनी उत्सुकतेनं बोटं मारून बघितली आणि काय सांगू, हलगी! ठण ठणाठण! ह्या माणसाच्या अंगात तरुणपणची जत्रा उतरली. गच्चीवर उभं राहून वाजवायलाच लागले. खालून आत्याबाईंचा आवाज आला, "कुणाची वरात हाय गं?"

"मेंढ्याची!" मी वरून ओरडले.

त्या रात्री सूनबाईनं ताट अर्धवट सोडलं. पट्टी बदलताना जखम आणखी खोल दिसली होती तिला. हसणं तिथंच थांबलं आमचं.

दुसरं कातडं मी आमच्याच कळपातलं घेतलं. एक नर होता, वर्षाच्या आतला, जावळ अजून उतरवलं नव्हतं. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, लेकराच्या जावळासारखीच मऊ, कुरळी, काळीभोर. पोटाला जरा तांबूस. हा नर लई वांड. दावं तोडून दारात यायचा आणि आत्याबाईंच्या वृंदावनातली तुळस खायचा. नुसती पानं नाही, मंजिऱ्यांसकट. आत्याबाई पडायच्या आधी काठी घेऊन त्याच्यामागं धावायच्या. खाटीक आला, त्यानं ह्यावेळी सुरी जपून चालवली, कातड्याला एक चीर पडू दिली नाही. जाताना म्हणाला, "अम्मा को मत बताना किसने काटा."

ह्यावेळी सावलीत वाळवलं. बाजेच्या चौकटीला सुतळीनं ताणलं आणि अर्धवट ओलं असतानाच काढून चोळायला घेतलं. हीच खरी मेख होती, वाळता वाळता चोळत राहायचं. आतल्या अंगाला थोडं एरंडेल, आणि ओढ, चोळ, ओढ, चोळ. माझे हात भरून आले तसं मी ते मालकांच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, "हलगी वाजवलीत ना? आता हे चोळा." त्यांनी कुस्त्या बघत बघत चोळलं. एक पैलवान चीत झाला की जोरात चोळायचे. दोन-तीन दिवसांत असं काही मऊ झालं की मी त्याच्यात तोंड खुपसून बघितलं. मेंढराचाच वास, पण धुतलेल्या मेंढराचा.

आता म्हातारी.

आमच्याकडं माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उचलतात आणि खाली जमिनीवर, घोंगडीवर ठेवतात. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. तोंडात तुळशीचं पाणी घालतात. ह्याला आम्ही म्हणतो, घोंगडीवर घेतलं. एवढं म्हटलं की समोरचा समजतो आणि चपला शोधायला लागतो.

त्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. दुपारी जेवण करून आत्याबाईंना डुलकी लागली होती. आम्ही म्हटलं, चादर बदलायचीच आहे, तेव्हा त्यांना उचलू, गादीवर कातडं पसरून दाखवू आणि पटलं तर ठेवू. मालकांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं. मी काळं लोकरीचं कातडं घेऊन उभी. सूनबाई गोळी द्यायला पाण्याचा पेला घेऊन उभी. आणि नेमके आत्याबाईंनी डोळे उघडले.

बघतात तर लेकानं उचललंय. सून काळं घोंगडं घेऊन उभी. नातसून तोंडाशी पाणी घेऊन.

"आरं सोड! सोड मला!" अशी किंकाळी फोडली की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. "मी मरत नाय! मला घोंगडीवर घेऊ नका रे! आताच तर भाकर खाल्ली मी!"

"आजी, गोळी आहे, गोळी!" सूनबाई म्हणत होती.

"गंगाजळ नको मला! तूच पी!"

मालक घाबरले, त्यांची पकड सुटायला लागली. मी ओरडले, "अहो ठेवा, पडतील त्या!" आणि पटकन कातडं गादीवर पसरलं. त्यांनी आईला त्यावर ठेवलं, ठेवलं कसलं, टेकवलंच. आत्याबाईंच्या तोंडात माझ्या माहेरच्या नावानं एक शिवी होती. ती निम्मी बाहेर आली आणि निम्मी आतच राहिली.

त्यांनी जरा पाठ हलवली. परत हलवली.

"ह्ये काय हाय?"

"कातडं," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हटलं होतं ते."

त्यांनी हात बाजूला नेऊन लोकर चाचपली. बोटं आत घातली. बोटं बुडाली.

"जावळ हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

"तुमची तुळस खायचा त्याचं."

"गेला मेला एकदाचा?"

मला वाटलं हीच वेळ आहे. मी म्हटलं, "बघा ना आत्याबाई, आयुष्यभर तुळस खाल्ली त्यानं. म्हणजे तुमच्याहून पक्का माळकरी. तुम्ही नुसती गळ्यात घालता."

"तुळस खाणं ह्ये पाप हाय, पुण्य नाय. अक्कल विकून खाल्ली काय तू?" पण उठवा म्हणाल्या नाहीत. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दिवे लागायच्या आत काढायचं. देवाला दिवा लागताना मी चामड्यावर नको. दिव्याच्या आत. ऐकलंस?"

"ऐकलं."

आणि झोपल्या हो. किती दिवसांनी ती बाई न कण्हता झोपली. तोंड उघडं, बारीक घोरणं. सूनबाईनं नाडी बघितली आणि माझ्याकडं बघून पदर नसताना पदरानं डोळे पुसल्यासारखं केलं. ओढणी होती. पण मनात हेच होतं आमच्या, दिवे लागले की परत नुसती ती हवेची गादी.

त्या आनंदात मी एक फोन केला. माझी नणंद पिशोरला दिली आहे, सासूबाईंच्याच माहेरात, त्यांच्या भावाच्या मुलाला. ती रोज आईची चौकशी करायची. आमच्या घरात रेंज म्हणजे चिंचेखाली एक पाय वर करून उभं राहिलं तर. मी चिंचेखाली गेले.

"वन्सं, आत्याबाईंना लोकरीवर घेतलं बरं का दुपारी."

"आँ? कशावर?"

"लोकरीवर! आता कण्हणं नाय, दुखणं नाय. लई दिवसांनी शांत झाल्या बघा."

पलीकडून नुसती खरखर.

"हॅलो? तुम्ही येऊन बघून जा एकदा," मी म्हटलं आणि फोन कटला. मी मनात म्हटलं, रेंज गेली. आणि येऊन पिठाला लागले.

ऊन उतरलं, मेंढरं परतली. मी आतमध्ये वातीला तेल घालत होते, सूनबाई म्हणत होती, "आई, अजून थोडा वेळ झोपू द्या," आणि मी म्हणत होते, "शब्द दिलाय बाई," तेवढ्यात रस्त्याच्या कोपऱ्यावरून रडण्याचा आवाज आला. आमच्याकडं मौतीला येणारे घरी पोचून रडत नाहीत, कोपऱ्यापासून हंबरडा फोडत येतात, म्हणजे घराला कळतं कोण आलं. मी हातातली बाटली टाकून बाहेर पळाले. बघते तर जीप उभी, त्यातून नणंद उतरलेली, तिच्यामागं तिच्या दोन जावा, तिचा नवरा, पिशोरची सगळी भावकी.

"आगं माझ्या मायेऽऽऽ! मला न भेटताच गं गेलीऽऽस!"

आता मला काय वाटावं? मला वाटलं, पिशोरला कुणी तरी गेलं. हिची सासू गेली असणार, तिलाही ही मायच म्हणते. मी पुढं झाले, ती माझ्या गळ्यात पडली आणि मीही फोडला हंबरडा. "असं कसं झालं वो वन्संऽऽ! चांगली होती वोऽऽ!" कोण गेलं ते विचारायला गळा मोकळा तर पाहिजे ना! तो रडण्यात गुंतलेला. जावा आल्या, त्याही गळ्यात पडल्या. आमचं रडणं ऐकून शेजारीण पदर डोक्यावर घेऊन धावली, तीही रडायला लागली. मालक मेंढरं कोंडायची सोडून आले, आम्हाला बघितलं, टोपी काढून हातात घेतली आणि खाली मान घालून उभे राहिले. त्या माणसानंही विचारलं नाही, कोण गेलं.

आणि आतून आवाज आला, खणखणीत, झोपेतून उठलेला.

"कोण मेलं गं?"

नणंदेचं रडणं एकदम बंद. नळाची चावी फिरवल्यासारखं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

"वहिनी," ती म्हणाली, "आईला घोंगडीवर घेतलं म्हणाला होतात ना तुम्ही?"

"लोकरीवर! लोकरीवर म्हटलं मी!"

"आन् शांत झाली म्हणालात!"

"झोपल्या होत्या म्हणून शांत! जागेपणी कधी शांत बघितल्यात का तुमच्या आईला?"

सगळी वरात आत शिरली. आत्याबाई उशीला टेकून पडल्या होत्या, डोळे ताजेतवाने. त्यांनी एकेकाचं तोंड बघितलं. रडून सुजलेली तोंडं. मग त्यांची नजर जावयाच्या काखेतल्या पिशवीवर गेली.

"त्यात काय हाय?"

जावई, म्हणजे त्यांचा सख्खा भाचा, खाली बघायला लागला. बाई गेली की माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालायचं, ते माहेरच्यानं आणायचं. तो बिचारा रस्त्यात दुकान गाठून घेऊन आला होता.

"दाव."

त्यानं पिशवीतून लुगडं काढलं. आत्याबाईंनी पदर बोटांत धरून चोळला.

"ह्ये आणलंस? ह्ये अंगावर घेऊन मी वर गेले असते? किनार बघ, करगोट्याएवढी. आन् सूत असलं, की चितेच्या आधी फाटंल. आत्या मेली तरी तुझ्या हाताला काय सुटायचं नाय रे!"

"आत्या, घाईत..." तो पुटपुटला.

"ठेव इथं. जित्तेपणी नेसून फाडते."

नणंद तोवर खाटेवर बसली होती, आईचा हात हातात घेऊन. रडत होती की हसत होती तिचं तिलाच कळेना. मग तिचा हात गादीवर पडला, लोकरीवर. तिनं टोक उचलून बघितलं. खालून पिवळट, मऊ.

"अगं बाई! वहिनी! ह्ये तर कातडं हाय!" ती उठून उभी राहिली. "माळकरी बाई ती! तिला चामड्यावर झोपवता? आन् दिवे लागायची वेळ झाली! काढा, आधी काढा ते. भाऊ, धर आईला!"

मालक पुढं झाले. शब्द त्यांनीही ऐकला होता, दिव्याच्या आत काढायचं. सूनबाई नणंदेला म्हणाली, "आत्या, जखम दाखवू का तुम्हाला? बघा तरी एकदा," पण नणंदेनं तोंड फिरवलं. मी काहीच बोलले नाही, आणि मी गप्प बसले म्हणजे मालकांना कळतं की मोठं काही तरी आहे. ते खाटेशी जाऊन थांबले. हात पुढं करेनात.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. लेकीला म्हणाल्या. "तू मला रडून घेतलीस ना?"

"आई, चुकून गं..."

"कोपऱ्यापासून रडलीस. मी ऐकलं. चांगली रडलीस, मला वाटलं नव्हतं एवढी रडशील. शेजारीण रडली. माझी सून रडली, तिला तर ठाऊक पण नव्हतं कुणासाठी. माहेरचं लुगडं आलं. आता राहिलं काय? मी मेले."

"असं नको बोलू आई!"

"मेले म्हणते ना! आन् मेल्या माणसाला कसलं सोवळं? कसला विटाळ? प्रेताला कुणी विचारलंय का, तुझ्याखाली काय हाय?" त्यांनी दोन्ही हातांनी लोकर धरली, पोर आईचा पदर धरतं तशी. "काढायचं नाय. जो हात लावील त्याच्या दारात भूत होऊन बसंन."

मग जावई हसला, तोंड दाबून, आणि मग काय, सगळेच. नणंद रडत रडत हसली. आत्याबाई मात्र गंभीर. मला म्हणाल्या, "दिवा लाव ना. कामून उभी हायेस? मेलेल्या माणसाच्या घरात अंधार ठेवतात व्हय?"

दिवा लावला. शेजारणीनं रिवाजाप्रमाणं पिठलं-भाकरी करून पाठवली, मौतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आम्ही तीच खाल्ली, पिशोरच्या माणसांसकट. आत्याबाईंनी दोन वेळा पिठलं मागून घेतलं आणि वर म्हणाल्या, मीठ कमी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते नवं लुगडं नेसवून घेतलं आणि फोटो काढून जावयाला पाठवायला लावला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, ते हळूहळू झालं. कातडं उन्हात नाही, सावलीत झटकायचं. आठवड्यानं कोमट पाण्यात बुडवायचं, परत चोळायचं, तोवर त्यांच्या खाली दुसरं. हो, आणखी एक केलं, आणि अजून एक आता पिंपात आहे. खाटीक निरोप पाठवत असतो, अम्मा कैसे हैं. आत्याबाई निरोप पाठवतात, त्याला म्हणावं पुढच्या वेळी मानेकडची लोकर जास्त ठेव, तिथं सोडून देतो. त्यांना कुणी सांगितलं कोण कापतो ते, मला ठाऊक नाही. मी नाही सांगितलं.

सूनबाई पट्टी सोडायची तेव्हा मी मागं उभी राहून तिच्या तोंडाकडं बघायची. जखमेकडं बघून मला काय कळणार, तोंडाकडं बघून कळायचं. पहिल्यांदा तिनं भुवई सोडली. मग एकदा म्हणाली, "कडेनं गुलाबी येतंय, आई." मग पट्टी रोजची एक दिवसाआड झाली. कुशीवर वळवायला मात्र आम्हीच लागायचो, त्यांच्यानं ते होत नव्हतं, पाठ टेकताना आग व्हायची म्हणून त्या भ्यायच्या.

परवा दुपारी मी भाकरी थापत होते. तव्यावर एक, हातावर एक. आतून खाट करकरली. मला वाटलं, पडल्या. पिठाच्या हातानंच धावले. तर आत्याबाई कुशीवर. भिंतीकडं तोंड, पाठ माझ्याकडं, एका हातानं खाटेची कड घट्ट धरलेली, श्वास जोरजोरात. कुणी वळवलं नव्हतं. घरात मी एकटीच होते.

मी दारातच उभी राहिले. पिठाचे हात पदराला पुसले, परत पुसले.

"कामून आलीस?" त्या भिंतीला म्हणाल्या. "तिकडं भाकर करपली."